बालवाडीच्या फाटकात अडलेलं आमचं दत्तक

दत्तकाची कागदपत्रं सुरळीत झाली, त्याबद्दल फार लिहीत नाही. काराच्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या प्राधिकरणाच्या, पोर्टलवर नोंदणी, गृहभेट, प्रतीक्षा आणि शेवटी आदेश. सप्टेंबर २०२२ पासून तो कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. आमचं अडलं ते देवगडातल्या एका बालवाडीच्या फाटकात.

लेक घरी आली तेव्हा दीड वर्षांची होती आणि कोणाच्याही कडेवर जायची. शेजारच्या काकी कौतुकानं म्हणायच्या, "चेडू गुणी हा गो, कोणाकडे पण जाता!" मला धास्ती वाटायची. संस्थेत पाळीपाळीनं बदलणाऱ्या मावश्यांच्या हातून वाढलेल्या मुलाचं आपलं माणूस कोण, हे बरेचदा ठरलेलंच नसतं. पुढे एकदा मी विहिरीवर गेले आणि तिनं खळ्यात भोकाड पसरलं, तेव्हा केवढं बरं वाटलं मला!

तिसऱ्या वर्षी बालवाडीत घातलं. सुरुवातीला मला आत बसू द्या म्हणून विनवलं, तर बाई म्हणाल्या, "नियम सगळ्यांना सारखा. आई दिसली की पोरं रडतात. चार दिवस रडेल, मग गप बसेल."

बसली गप. डब्यातली आंबोळी तशीच परत यायची. घ्यायला गेले तरी माझ्याकडे बघायची नाही. बाई खूश, "रुळली हो!" माझा संताप अजून जात नाही. ब्रिटनमधले मनोसामाजिक कार्यकर्ते जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ च्या माहितीपटात इस्पितळात एकटं ठेवलेलं दोन वर्षांचं मूल दाखवलं होतं. अशी मुलं आधी आकांत करतात, मग खचतात, मग अलिप्त होतात, आणि ते शांत होणंच मोठ्यांना रुळणं वाटतं, हे त्यांनी मांडलं. इतक्या वर्षांनी आम्ही तेच ऐकायचं?

शेवटी दत्तक संस्थेच्या समाजसेविकेनं बालवाडीला तसं पत्र दिलं आणि मला ओटीवर बसू दिलं. लेक मातीचा लाडू वळायची, मान वळवून मला बघायची, पुन्हा लाडू वळायला लागायची. हळूहळू ते बघणं कमी झालं आणि ती तिथल्या मदतनीस ताईच्या मागे मागे फिरू लागली. आता पडली, लागलं, की ताईकडेच धावते. आईशी घट्ट जुळलेलं मूल दुसऱ्यावरही विश्वास टाकतं, हे मी डोळ्यांनी बघितलं.

हो, संस्थेतून मूल आणताना त्याचं वापरातलं दुपटं मागून घ्या आणि लगेच धुऊ नका, त्याचा ओळखीचा वास राहू दे. आदेशानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याची भेट असते. तेव्हा घर आवरत बसण्यापेक्षा अशा अडचणी सांगा आणि पत्र तिथल्या तिथे मागा.