खड्ड्यातला वास

आमच्या गॅरेजात गाडीखाली उभं राहून काम करायला खड्डा आहे. वडिलांनी खणलेला, साडेचार फूट खोल. गाडी उचलायची लिफ्ट घ्यायचं दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी राहतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी बडोद्यात घुसली. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या अजून माझ्याकडे येतात. लोक सीटा धुऊन घेतात, वास जाईपर्यंत अत्तर मारतात. कार्पेटखालचा नमदा मात्र तसाच ओला राहतो आणि पत्रा आतून कुजतो. ही गाडी त्यातलीच. ड्रायव्हरच्या पायाखाली तळहाताएवढं भोक. संध्याकाळी गाडी खड्ड्यावर लावून मालक म्हणाला, "पांच मिनिटनुं काम छे, काका. पट्टी मारी दो."

वेल्डिंग पाच मिनिटांचंच असतं. त्याआधीचा दीड तास कुणी बिलात धरू देत नाही.

गाडी सीएनजीची. भरलेल्या टाकीत २०० बारचा दाब, आणि तिची स्टीलची नळी गाडीच्या पोटाखालूनच पुढे जाते. सकाळी आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि नळीतला गॅस संपून इंजिन पेट्रोलवर येईपर्यंत चालू ठेवलं. मग चालत्या इंजिनातच पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला. ते धापा टाकत बंद पडलं, म्हणजे लाईनमधला दाब उतरला. इंजेक्शनच्या गाडीत हा दाब तीन बारच्या आसपास असतो आणि चावी काढली तरी तो बराच वेळ तसाच राहतो, हे पत्र्याचं काम करणाऱ्या चांगल्या चांगल्या डेंटरांना माहीत नसतं. बॅटरीची निगेटिव्ह काढली. वेल्डिंगच्या अर्थचा चिमटा भोकाशेजारीच, पत्रा घासून लावला. नळ्या क्लिपांतून सोडवून खाली ओढल्या. खड्ड्यात पोरगं ओलं पोतं धरून उभं केलं, कारण मी आत बसून मिग वेल्डिंग चालवताना खाली काय पडतंय ते मला दिसत नाही.

एवढं सगळं केलं. आणि सकाळी शटर उघडल्याबरोबर पेट्रोलचा वास आला होता, तो मी शेजारी उघडून ठेवलेल्या स्कूटरच्या कार्ब्युरेटरवर ढकलला.

वेल्डिंगच्या तिसऱ्या टाक्याला खालून भक्कन आवाज झाला. गाडीच्या दोन्ही बाजूंनी जाळ वर आला. मी दारातून बाहेर पडलो आणि आग विझवायचा पावडरचा सिलिंडर खड्ड्यात रिकामा केला. पोरगं नळाजवळ उभं होतं, हातात पोतं.

नंतर गाडीखालचं काळं कोटिंग खरवडलं. सीटखाली कुणीतरी कारागिराने पेट्रोलची मूळ नळी कापून रबरी पाइपचा तुकडा जोडला होता, वर पाण्याच्या पाइपला लावतात तो साधा क्लॅम्प. आणि कोटिंग फासून सगळं झाकलं होतं. असल्या माणसाला मी पंक्चरही काढू देणार नाही. त्या जोडातून रात्रभर थेंब पडत होते. अर्धा कपसुद्धा नसेल. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. खड्ड्यात वारा नाही, ती तिथेच बसून राहते. हवेत दीड टक्का मिसळली तरी पेटायला पुरते. मी सकाळी जी लाईन रिकामी केली, तिच्यातलं पेट्रोल रात्रीच खड्ड्यात उतरलेलं होतं.

मालकाने नव्या नळीच्या पैशांवरून हुज्जत घातली. घालू दे.

मला दुसरंच सुचत राहतं. पोतं जागेवर असतं तर ठिणगी कदाचित खाली गेलीच नसती. गेली असती, तर पोरगं खड्ड्यात होतं. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकदम डोक्यात मावत नाही. त्या सकाळी पोतं वाळलं म्हणून पोरगं दोनदा सांगून वर आलं होतं. दुसऱ्या वेळी मी खेकसलो, "किती वेळा भिजवतोस रे, काम होऊ दे की!" म्हणून तिसऱ्यांदा ते न सांगताच गेलं.