संध्याकाळच्या नदीत पॅकराफ्ट

पॅकराफ्ट ही अवघ्या दोन-चार किलोंची, गुंडाळून पाठीवर नेता येणारी हवेची नाव असते. त्यामुळे आम्ही मित्र दुपारी काठाकाठाने नदीच्या वरच्या अंगाला चालत गेलो आणि उन्हे कलल्यावर त्याच नदीतून खाली आलो. या चालण्याचा खरा फायदा असा, की परतीचा प्रत्येक अवघड टप्पा आधीच नजरेखालून जातो. एका वळणावर प्रवाहात आडवे पडलेले झाड दिसले. फांद्यांमधून पाणी निसटते, माणूस मात्र तेथेच दाबला जातो. म्हणून त्या जागी नावा उचलून काठाने जायचे, हे वर जातानाच ठरले.

नाव फुगवायला पंप लागत नाही. पातळ कापडाच्या मोठ्या पिशवीत हवा कोंडून, तिचे तोंड पिळून ती नावेत ढकलायची. पण टणक फुगलेली नाव थंड पाण्यात ठेवली की आतली हवा आकसते आणि ती लिबलिबीत होते (नवख्याला ती फुटली असेच वाटते), त्यामुळे निघण्यापूर्वी पुन्हा तोंडाने हवा भरावी लागते.

संध्याकाळचे गणित निराळे असते. बर्फावर पोसलेल्या नदीत दिवसभर वितळलेले पाणी खाली पोहोचेपर्यंत दुपार उलटते, आणि सकाळी उघडे असलेले दगड तोवर बुडालेले असतात. त्यातच नदी पश्चिमेकडे वळली की तिरपे ऊन थेट डोळ्यांवर येते आणि वाट दाखवणाऱ्या खुणाच दिसेनाशा होतात: टोक प्रवाहाच्या दिशेला असलेला गुळगुळीत त्रिकोण म्हणजे खोल पाणी, टोक आपल्याकडे असलेला म्हणजे दगड. अशा वेळी मोठ्या खडकामागच्या संथ, उलट फिरणाऱ्या पाण्यात शिरून थांबावे आणि पुढचा टप्पा नीट पाहूनच निघावे.

आमच्यातला एक जण अशाच चकाकीत दगडावर चढून उलटला. त्याने उभे राहण्याचा प्रयत्न केला नाही, हे फार बरे झाले. वाहत्या पाण्यात पाय दगडांत अडकला तर प्रवाह माणसाला पालथा पाडतो. पाय पुढे, बोटे पाण्यावर ठेवून तो उताणा वाहत गेला आणि संथ पाण्यात आल्यावर नाव सुलटी करून पोटावर सरकत आत चढला. लाइफ जॅकेट आणि हेल्मेट होतेच, पण थंडीने त्याचे हात वळेनात. मग ठरल्या जागेच्या बरेच अलीकडे, पुरेसा उजेड असतानाच आम्ही काठाला लागलो आणि उरलेली वाट चालत संपवली.