अर्ध्या तासाचा घोळ: एक्सटीवर आरसीएस अखेर चाललं

मंडळी, काल रात्री एक्सटीवर (८०८८ प्रोसेसरच्या जुन्या डॉस पीसीवर) आरसीएसमध्ये, म्हणजे फाइलीच्या प्रत्येक आवृत्तीची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आवृत्ती १.२ चेक-इन झाली, म्हणजे नोंदवली गेली. १.१ कधीच झाली होती, पण पहिला चेक-इन कुठलंही सॉफ्टवेअर हसत करून दाखवतं. घोडं अडतं ते दुसऱ्याला, आणि ते या वेळी फार दिवस अडलं होतं.

मागच्या नोंदीत एका डेअरीच्या जुन्या फ्लॉप्यांच्या खोक्यापाशी थांबलो होतो. ३६० केच्या फ्लॉप्या, टर्बो पास्कल ३, फॅट-एसएनएफवरून (स्निग्धांश आणि इतर घनपदार्थांवरून) दुधाचा दर काढणारा प्रोग्रॅम, आणि त्याच्या मिल्क, मिल्कन्यू, मिल्कन्यू२, मिल्कओके अशा प्रती. या सगळ्यांचा इतिहास त्याच काळातल्या साधनानं, त्याच काळातल्या मशीनवर लावायचा, एवढाच हट्ट.

या कामाचे उमेदवार असे. पॉलिट्रॉनचं पीव्हीसीएस १९८५ पासून डॉसवर होतं, पण मला मिळालेल्या प्रतीत मॅन्युअल नाही, आणि मॅन्युअलशिवाय पीव्हीसीएस म्हणजे आंधळी कोशिंबीर. बर्टन सिस्टिम्सचं टीलिब मला मनापासून आवडलं: छोटं, चपळ, कामाशी काम. पण त्याची लायब्ररी (आवृत्त्या साठवणारी फाइल) टीलिबशिवाय कोण वाचणार? सीपी/एम या डॉसआधीच्या प्रणालीवाल्यांनी मला डिफ आणि एसएसईडीची जोडी सुचवली होती. एक फरक काढतं, दुसरं तो जुन्या फाइलला लावतं. पॅचेस वाटायला झकास, पण त्यात नोंदवही नाही. उरलं आरसीएस. वॉल्टर टिची यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पर्ड्यू विद्यापीठात केलेलं, आणि आजच्या लिनक्सवरही चालणारं.

आरसीएसकडे ओढला जाण्याचं खरं कारण म्हणजे उलटे डेल्टा. ताजी आवृत्ती अख्खी ठेवायची आणि मागच्या आवृत्त्यांकडे जाण्यापुरते फरक लिहायचे. एससीसीएस या आरसीएसआधीच्या साधनात सगळ्या आवृत्त्या एकमेकींत विणलेल्या असतात, त्यामुळे कालची प्रत हवी असली तरी अख्खी फाइल वाचावी लागते. ८०८८ वर, ४.७७ मेगाहर्ट्झवर, हा फरक कानांनी ऐकू येतो: आरसीएसमधून ताजी प्रत काढताना डिस्क थोडी कुरकुरते आणि गप्प होते.

सहज सापडणारं आरसीएस ५.७ डीजेजीपीपी या कंपायलरनं बांधलेलं, म्हणजे ३८६ प्रोसेसरशिवाय हलणार नाही. एका जुन्या शेअरवेअर सीडीच्या प्रतिमेत ५.६ ची १६-बिट बांधणी मिळाली. युनिक्सवर आरसीएसच्या फाइलला शेवटी स्वल्पविराम आणि व्ही लागतो. डॉसच्या फॅट फाइलपद्धतीतल्या ८.३ नावांत (आठ अक्षरं, मग तीन) स्वल्पविराम चालत नाही, म्हणून इथे प्रत्यय रिकामा आणि फाइल आरसीएस नावाच्या उपडिरेक्टरीत. गंमत म्हणजे तीच डिरेक्टरी लिनक्सवर नेली की तिथलं आरसीएस विनातक्रार ओळखतं, कारण त्याच्या मूळ प्रत्यययादीतही रिकामा प्रत्यय आहे. सीआय (आरसीएसची चेक-इनची आज्ञा) स्वतः फरक काढत नाही, डिफला बोलावतं, आणि तो डिफ -एन हा पर्याय समजणारा हवा. फाइलींची तुलना करणारं डॉसचं एफसी इथे कामाचं नाही.

आता तारीख. सीआयचा एक नियम आहे: नव्या आवृत्तीची तारीख आधीच्या आवृत्तीच्या मागे जाता कामा नये. गेली तर चेक-इन नाकारलं जातं. नियम शहाणपणाचा आहे, पण तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे युनिक्स होतं. एक्सटीला बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. मशीन चालू केलं की १ जानेवारी १९८०, आणि कालची १.१ झाली भविष्यातली.

त्यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घड्याळाचं एक बिननावाचं आयएसए कार्ड (पीसीच्या आतल्या खाचेत बसणारं) आणलं. त्यावर नॅशनल सेमिकंडक्टरची एमएम५८१६७ चिप. ही चिप सेकंदाच्या हजाराव्या भागापासून महिन्यापर्यंत सगळं मोजते, फक्त वर्ष मोजत नाही! त्या काळचे ड्रायव्हर वर्ष चिपमधल्या सुट्या रजिस्टरमध्ये लपवून ठेवत. या कार्डाचा ड्रायव्हर अर्थातच नव्हता. टर्बो पास्कलमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला: चिपमधून महिना-दिवस-वेळ घ्यायची, एका मजकूर फाइलमधून वर्ष घ्यायचं, डॉसला सांगायचं. दर जानेवारीत एक आकडा बदलायचा. चालतंय की. (बॅटरीचा होल्डर पुण्यात तापकीर गल्लीत मिळाला. लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार त्याच होल्डरसाठी अख्खं पाकीट गळ्यात मारत होता.)

घड्याळ बरोबर, तरी घोळ संपेना. एक्सटीवर चेक-इन केलेली फाइल त्याच संध्याकाळी लॅपटॉपवर लिनक्समध्ये चेक-इन करायला गेलो, तर तीच तक्रार: तारीख आधीची आहे. आरलॉगमध्ये (आरसीएसची नोंदवही दाखवणाऱ्या आज्ञेत) पाहिलं तर एक्सटीची नोंद साडेदहा तास पुढची.

साडेदहा हा आकडाच धागा ठरला. आरसीएस ५ नोंदीत यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहितं. डॉसला टाइम झोन माहीत नाही, म्हणजे स्थानिक वेळेवरून यूटीसी काढणार ती सी कंपायलरची लायब्ररी. सीआयची एक्झी (प्रोग्रॅमची फाइल) उघडून पाहिली तर आत स्वच्छ ओळ: बोर्लंड सी++, कॉपीराइट १९९१. आणि थोड्या अंतरावर ईएसटी, ईडीटी. टाइम झोन सांगणारं टीझेड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिलं नाही, तर बोर्लंडची लायब्ररी तुम्हाला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बसवते. ती स्थानिक वेळेत ५ तास मिळवते, आपल्याला साडेपाच वजा करायचे असतात. झाले साडेदहा. अमेरिकेचा उन्हाळी वेळ सुरू झाला की साडेनऊ.

मग टीझेड द्या की! दिलं. आयएसटी -५:३०. आरलॉगमध्ये फरक बरोबर अर्धा तास उरला. बोर्लंडच्या मॅन्युअलात टीझेडचं व्याकरण पाहिलं: तीन अक्षरं, चिन्ह, तासांचे एक-दोन अंक, मग हवं तर उन्हाळी वेळेची तीन अक्षरं. मिनिटांना जागाच नाही. -५ लिहिलं तर एक्सटी अर्धा तास पुढे, म्हणजे लगेच लिनक्सवर काम करता येत नाही. -६ लिहिलं तर अर्धा तास मागे, म्हणजे लिनक्सवरून आल्यावर एक्सटीवर थांबा. चहा घेऊन आलं की नियम शांत होतो, पण असला इलाज कोण मिरवणार.

इथपर्यंतची नोंद लिहिताना ठरलं होतं की एक्सटीचं घड्याळच यूटीसीवर लावायचं आणि टीझेड जीएमटी० ठेवायचं. तसं दोन दिवस चालवलंही. पण मग डीआयआरच्या फाइलयादीत सगळ्या वेळा साडेपाच तास मागे दिसतात. शिवाय खोक्यातल्या फाइलींवरचे शिक्के भारतीय वेळेतले आहेत. सीआयला नुसतं -डी दिलं की ते फाइलचा शेवटच्या बदलाचा वेळ घेतं. (मॅन्युअल म्हणतं, तारखेबाबत खोटं बोलायला हा पर्याय उपयोगी. आम्हाला तो खरं बोलायला हवाय.) या पद्धतीत डेअरीचा सगळा इतिहास साडेपाच तास सरकला असता.

तेव्हा सुचलं: ईएसटी जर एक्झीत कोरलेली आहे, तर ती खोडताही येईल. ५ तास म्हणजे १८००० सेकंद, हेक्समध्ये ४६५०, मेमरीत उलट क्रमानं ५० ४६. आपल्याला हवेत उणे १९८००, म्हणजे ए८ बी२ एफएफ एफएफ. बाइट बदलायचं डॉसचं साधन डीबग एक्झी फाइल परत लिहीत नाही, म्हणून आधी नाव बदलून बिन केलं. शोधल्यावर ५० ४६ काही ठिकाणी सापडलं, त्यातलं सी७ ०६ च्या (आकडा मेमरीत ठेवणाऱ्या) सूचनेत बसलेलं ते आपलं. शेजारच्याच सूचनेत वरचा शब्द ० होता, तो एफएफ एफएफ केला. उन्हाळी वेळेचा १ काढून ० केला. टीझेड पूर्ण काढून टाकलं, म्हणजे लायब्ररी मुकाट्यानं आपल्या आकड्यांवर येते. नशीब की फाइली पीकेलाइटनं दाबलेल्या नव्हत्या, नाहीतर आधी त्या फुगवत बसावं लागलं असतं.

हे सीआय, सीओ, आरसीएस, आरलॉग या सगळ्या आज्ञांना वेगवेगळं करावं लागलं, कारण लायब्ररी प्रत्येकाच्या पोटात आहे. मग एक्सटीवर १.२, फ्लॉपी काढून लिनक्सवर १.३, परत एक्सटीवर १.४, मध्ये चहा न घेता. सगळे चेक-इन गपगुमान.

आता खोक्याकडे. काही फाइलींवर १-१-८० हाच शिक्का आहे, म्हणजे डेअरीचं मशीनही बिनघड्याळाचं होतं आणि सकाळी तारखेच्या प्रश्नाला नुसता एंटर दाबला जायचा. त्यांचा क्रम लावायला सगळ्या जोड्यांचा डिफ काढून सगळ्यात कमी फरकाची साखळी करावी, असा बेत होता. पण लिहिता लिहिता वाटतंय की आधी फ्लॉपीच्या डिरेक्टरीतल्या जागा पाहाव्यात. डॉस नव्या फाइलला पहिली मोकळी जागा देतं, त्यामुळे मधे काही पुसलं गेलं नसेल तर तो क्रम म्हणजे फाइली जन्मल्याचा क्रम. पुसलेल्या नोंदींचा पहिला बाइट ई५ असतो, तेव्हा कुठे भरवसा ठेवायचा नाही तेही कळेल. टर्बो पास्कलच्या बॅक फाइलींमुळे मागची एक पायरी फुकट मिळते, ती वेगळी.

ग्रीझवीझल या फ्लॉपी वाचणाऱ्या साधनानं सगळ्या फ्लॉप्यांच्या प्रतिमा आधी घेतोय. दोन फ्लॉप्यांचा ट्रॅक ० रुसलाय, हेड पुसून पुन्हा वाचतो. मिल्कओके त्यातल्याच एकीवर आहे.