नक्श-ए-रुस्तमला जाताय? मग घोडे नीट बघा

इराणमधल्या शिराझला जाणारे बहुतेकजण पर्सेपोलिस, म्हणजे हखामनी या प्राचीन इराणी राजघराण्याची राजधानी, बघतात आणि परतताना नक्श-ए-रुस्तमच्या कड्यापाशी जेमतेम अर्धा तास थांबून वरच्या थडग्यांचे फोटो काढतात नि निघतात. थडगी भारी आहेतच, पहिला दारियस, झर्क्सिस वगैरे हखामनी राजांची आहेत, पण माझं मन अडकलं ते खाली कड्यात कोरलेल्या घोडेस्वारांत. हे सगळे ससानी या नंतरच्या इराणी राजघराण्याच्या काळातले, म्हणजे इसवी सनाच्या 3ऱ्या-4थ्या शतकातले.

आधी पर्सेपोलिस कराच, कारण फरक तिथेच कळतो. तिथल्या अपादाना या दरबाराच्या इमारतीच्या जिन्यावर देशोदेशीची माणसं नजराणा घेऊन येताना कोरलीयेत, त्यात घोडेही आहेत, पण ते सगळे हाताने धरून चालवत आणलेले, पाठीवर कुणीच नाही. नक्श-ए-रुस्तमला मात्र राजा घोड्यावर, शत्रू घोड्यावर, आणि पहिला ससानी राजा अर्दशीर याच्या शिल्पात तर देवसुद्धा! आपल्याकडचे पारशी ज्याला मानतात तोच अहुरा मझ्दा घोड्यावर बसून राजाला सत्तेचं कडं देतोय. दोन्ही घोडे डोक्याला डोकं भिडवून उभे, दोघांचाही एकेक पाय उचललेला. अर्दशीरच्या घोड्याच्या टापांखाली हरलेला पार्थियन राजा अर्तबान, देवाच्या घोड्याखाली अहरिमन, म्हणजे अहुरा मझ्दाचा विरोधक दुष्ट देव. इथे जवळ जाऊन घोड्यांच्या अंगावर बघा, तीन भाषांत लेख कोरलेत, त्यातली एक ग्रीक आहे.

मग स्वारांचे पाय बघा. रिकीब नाहीचे! पाय मोकळे लोंबतायत, चवडे खाली, आणि माणसं घोड्यांच्या मानाने एवढी मोठी की पाय जवळजवळ जमिनीला टेकतील. घोड्यांच्या मागच्या बाजूला साखळीला लटकवलेले मोठाले गोंडे दिसतील, शेपट्या बांधलेल्या. रिकीब नसताना भाले रोखून समोरासमोर कसे भिडत असतील याचा मी तिथे उभी राहून बराच वेळ विचार करत होते. याच घराण्यातल्या दुसऱ्या बहरामच्या शिल्पात आणि दुसऱ्या होर्मिझ्दच्या शिल्पात तेच भाल्यांचं युद्ध आहे, होर्मिझ्दच्या शिल्पात शत्रू घोड्यासकट उलटापालटा झालाय. पहिल्या शापूरचं शिल्प सगळ्यात प्रसिद्ध, 260 साली पकडलेला रोमन सम्राट व्हॅलेरियन त्यात आहे.

आता कामाचं. शिराझहून दिवसभराची टॅक्सी ठरवा, अंतर साधारण 60 किमी, वाटेत नक्श-ए-रजब पण करा, तिथेही ससानी शिल्पं आहेत, छोटं आहे पण चुकवू नका. भर दुपारी अजिबात नको, उन्हात कोरीवकाम सपाट दिसतं, तिरपं ऊन असलं की प्रत्येक लगाम उठून येतो. सावली नाही, टोपी-पाणी घ्या, दुर्बीण असेल तर उत्तमच. आपली कार्डं इराणमध्ये चालत नाहीत, डॉलर किंवा युरो कॅश न्यायची. किंमत लोक तोमानमध्ये सांगतात, नोटेवर रियाल असतात, 1 तोमान म्हणजे 10 रियाल, पैसे देण्याआधी विचारून घ्या. बायकांना डोक्यावर स्कार्फ लागतो. व्हिसाचे नियम आणि परिस्थिती सारखी बदलते, त्यामुळे तिकीट काढण्याआधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचाच, तिथे जाऊ नका असं लिहिलं असेल तर नाही जायचं.

एक दिवस जास्त असेल तर फिरुझाबादला जा. तंग-ए-आब खिंडीत 224 सालच्या लढाईचं प्रचंड लांब शिल्प आहे, अर्दशीर अर्तबानला घोड्यावरून पाडतोय, बाजूला राजपुत्र शापूर दुसऱ्याला, आणि तिसऱ्या जोडीत एकाने शत्रूची मानच पकडलीये. बरंच झिजलंय, झूम लेन्स लागेलच. आणि दोन दिवस असतील तर बिशापूर. तिथल्या तंग-ए-चोगान खिंडीत पहिल्या बहरामच्या शिल्पात त्याचा घोडा आहे, पायांचे स्नायू इतके जिवंत की मला तरी सगळ्यात सुंदर तोच वाटला. शिल्पावरच्या लेखात बहरामचं नाव खोडून नरसेह या नंतरच्या राजाने स्वतःचं घातलंय, गाईड असेल तर ती जागा दाखवायला सांगा.