ओंबत्तु, एंबत्तु, तोंबत्तु

सोमवारी साडेदहाला बेळगावच्या एका दवाखान्यात रिसेप्शनिस्टच्या जागेसाठी बोलावलंय. खानापूरहून साडेआठची बस धरायची. ड्रेसला इस्त्री झाली, बायोडाट्याच्या दोन झेरॉक्स झाल्या. "स्वतःबद्दल सांगा"चं इंग्रजी उत्तर यूट्यूबवरून पाठ केलं होतं. बाबांनी ऐकलं आणि विचारलं, "ही कोण बोलायली?" मग ते सोडलं.

खरी भीती आकड्यांची. मागच्या वर्षी एका मुलाखतीत समोरच्या बाईंनी कन्नडमधून मोबाईल नंबर सांगून मला लिहून घ्यायला लावला. मी मराठी शाळेतली. माझं कन्नड बसमधलं आणि बाजारातलं. ओंबत्तु म्हणजे नऊ, एंबत्तु ऐंशी, तोंबत्तु नव्वद. भरभर सांगितलं की तिन्ही सारखेच. माझ्या कागदावर अकरा आकडे झाले. बाईंनी मोजले, हसल्या आणि "कळवू" म्हणाल्या.

आता रोज रात्री शेजारच्या अक्का भाकरी थापता थापता मला नंबर सांगतात. लिहिलेला नंबर एकेक आकडा करून परत वाचून दाखवायचा, ही शिस्त त्यांचीच. मराठीतही फसते बरं का! म्हातारी माणसं जोडीनं सांगतात, "एकोणऐंशी, अठ्ठ्याहत्तर", आणि माझं पेन तिथंच अडतं.

दुसरी भानगड 'री'ची, म्हणजे कन्नडात मान द्यायला शेवटी लावतात त्या 'री'ची. परवा सरावात, समोर म्हातारे पेशंट आहेत असं समजून, मी म्हटलं, "कूडु, डॉक्टर इन्नू बंदिल्ल", म्हणजे बस, डॉक्टर अजून आले नाहीत. अक्कांचा हात भाकरीवरच थांबला. "आजोबांना 'बस रे' म्हणशील काय? कूड्री म्हण की. बंदिल्लरी!" तेव्हापासून मी घरात आईलाही 'री' लावायला लागलेय.

पहिलं वाक्य कुठल्या भाषेत, यावर घरात वाद झालाच. बाबा म्हणतात, मराठीतनंच सुरू करायचं. १९५६, म्हणजे बेळगाव म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेलं ते साल, आमच्याकडं चहाबरोबरच येतं, त्यामुळं मी काही बोलले नाही. अक्का म्हणाल्या, "नमस्कार म्हण नि गप्प बस. पुढचं माणूस ज्यात बोलेल त्यात बोल." हे पटलं. कन्नडात शेवटचा 'र' जरा लांबवायचा, एवढंच.

पगाराचं आपण विचारायचं की त्यांनी सांगेपर्यंत थांबायचं, ते अजून ठरत नाही.

काल दहापैकी आठ नंबर बरोबर आले. आज अक्कांकडं सौंदत्तीचे पाहुणे उतरलेत. जेवण झाल्यावर त्यांना एकेक करून माझ्यासमोर बसवणार आहेत म्हणे, नंबर सांगायला.