काचेवरचा दाणा, पडद्यावरचा आकडा

साखर कारखाना म्हटलं की लोकांना गव्हाण आणि मिल दिसते. साखर बनते ती मात्र पॅनमध्ये, म्हणजे हवा काढून घेतलेल्या मोठ्या बंद भांड्यात. सिरप निर्वातात साठ-सत्तर अंशांवर उकळत ठेवायचं, बी म्हणून साखरेचे बारीक कण सोडायचे आणि त्याच दाण्यांवर साखर चढवत न्यायची. नवा दाणा पडू द्यायचा नाही. सिरप फार घट्ट झालं की मूळ दाण्यांमध्ये धुळीसारखा बारीक दाणा आपोआप पडतो. तो फॉल्स ग्रेन. त्यानं सेंट्रिफ्युगलची, म्हणजे साखर गरगर फिरवून मळी वेगळी करणाऱ्या यंत्राची जाळी तुंबते, मळी निथळत नाही, साखरेला रंग राहतो.

मी वाळवा तालुक्यातल्या एका कारखान्यात उत्पादन विभाग बघतो. जानेवारीतली रात्रपाळी होती. पॅनवर दोघं: निवृत्तीला आलेले पॅनमन, म्हणजे पॅन चालवणारे कारागीर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, आणि ऑटोमेशनच्या पडद्यासमोरचा तरुण डिप्लोमावाला. पडद्यावर ब्रिक्सचा, म्हणजे सिरपच्या घट्टपणाचा आकडा जागचा हलत नव्हता, म्हणजे सगळं ठीक. मामांनी सवयीनं प्रूफस्टिक, म्हणजे पॅनमधून नमुना काढायची दांडी ओढली, काचेवर नमुना पसरला आणि काच बल्बसमोर धरली.

"बारीक पडलंय पोरा. पाणी सोड आधी."

पोरानं वाद घातला नाही. गरम पाणी दिलं, वॅक्यूम थोडा उतरवला. धूळ विरघळली, पॅन वाचला. नंतर बघितलं तर ब्रिक्स मोजणाऱ्या प्रोबवर साखरेचा थर चढला होता, म्हणून आकडा हलत नव्हता.

जुनी माणसं ही गोष्ट इथवरच सांगतात. पण पोरगा तिथं थांबला नाही. त्यानं आलेख मागं नेला. "मामा, हितं बघा, वॅक्यूम आधीच चढलाय." पॅनमधली वाफ थंड करणारं इंजेक्शनचं पाणी गारठ्यानं थंड झालं होतं. वॅक्यूम वाढला, उत्कलनबिंदू उतरला, सिरप निवलं आणि न विरघळू शकणारी साखर दाणा होऊन बसली. मामांनी चष्मा लावून आलेख पाहिला. म्हणाले, "थंडीत बारीक पडतं हे ठावं होतं. का पडतं ते आज कळलं."

बैठकांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: नवी पोरं टिकत नाहीत, त्यांना शिकायचं नसतं. मला याची चीड येते. मामा हंगामी कायम आहेत: काम हंगामापुरतं, नोकरी पक्की. गाळप नसताना रिटेन्शन भत्ता मिळतो, कामगार, कारखाने आणि सरकार यांचा त्रिपक्षीय करार झाला की पगार वाढतो. काच वाचायला त्यांनी आयुष्य दिलं, कारण पुढच्या हंगामात तीच काच हातात येणार याची खात्री होती. हा पोरगा ठेकेदाराच्या हजेरीवर आहे. गाळप संपलं की घरी. तरीही तो रोज काचेचे फोटो काढतो, त्या वेळचा वॅक्यूम नि ब्रिक्स वहीत मांडतो आणि मामा काय म्हणाले ते शेजारी लिहितो. असली वही आमच्या कारखान्यात आजवर कुणी केली नव्हती. मामांच्या पिढीनं तर नाहीच. विद्या मुठीत ठेवायची त्यांना सवय.

मामांची जागा ठेक्यावर न देता या पोराला हंगामी कायम घ्या, असा अर्ज मी दिला. उत्तर तोंडी आलं: आता ऑटोमेशन आहे, पॅनमन कशाला? त्या रात्री प्रोब साखरेखाली झाकला गेला होता, हे अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात आहे. मी तो पुन्हा पाठवतोय, या वेळी वहीची पानं जोडून.