आमची वाटचाल : वेताळ, स्कॅनर आणि दोन स्ट्राइक

सांगलीत विश्रामबागेला आमचा छोटा स्टुडिओ आहे. सुरुवात लग्नाच्या शूटिंगची. मग शाळांची गॅदरिंग, दुकानांच्या जाहिराती. त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. कामं आली, पोचती केली, पैसे मिळाले. आमचं नाव झालं ते एका कॉमिकवर यूट्यूबला टाकलेल्या विनोदी व्हिडिओ-परीक्षणामुळे. आणि त्याच्याच पायी दुकानाला कुलूप लागायची वेळ आली. त्याबद्दल सगळं लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं.

कॉमिक होतं इंद्रजालचं, वेताळाचं, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचं. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ च्या मार्चमध्ये ही मालिका सुरू केली, ती १९९० पर्यंत चालली. आमच्या आधीच्या पिढीने वेताळ रेल्वेच्या प्रवासात आणि परीक्षेच्या पुस्तकाआड वाचला. तो आम्हाला मनापासून आवडतो, म्हणूनच त्याच्यावर विनोद करायचा हक्क आम्हाला आहे असं वाटलं. डेंकालीच्या जंगलात, त्या दमट हवेत, हा माणूस डोक्यापासून पायापर्यंत घट्ट कपड्यात घोड्यावरून फिरतो. शहरात जाताना त्यावरच ओव्हरकोट, हॅट आणि काळा चष्मा चढवतो, आणि कुणाला संशय येत नाही! कवटीच्या अंगठीचा ठसा ज्याच्या जबड्यावर उमटला, त्याने पासपोर्टचा फोटो कसा काढायचा? अशा प्रश्नांवर परीक्षण उभं केलं.

स्क्रिप्ट माझ्या भागीदाराची. तो एकांकिका स्पर्धांत वाढलेला. ज्या गावात १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी मराठी रंगभूमीचा पाया घातला, त्या गावच्या पोराला टायमिंग शिकवावं लागत नाही. तो माझ्या शेजारी बसून फ्रेम मोजायचा. सेकंदाला पंचवीस फ्रेम. वेताळाचा चेहरा आला की बारा फ्रेम थांबायचं, मग वाक्य. आठवर कापलं तर हशा मरतो, वीसवर कापलं तर प्रेक्षकाला विनोद आधीच कळतो. या धंद्यात नवीन येणाऱ्यांना सांगतो, महागड्या कॅमेऱ्याआधी चांगला माईक घ्या. आमच्या पहिल्या खोलीच्या भिंतींना फोम नव्हता, आईच्या गोधड्या टांगल्या होत्या. आवाज आजच्या फोमपेक्षा वाईट नव्हता.

खरी अडचण पानांची होती. जुनं कॉमिक हाफटोन ठिपक्यांत छापलेलं असतं, म्हणजे चार शायांच्या बारीक ठिपक्यांच्या, वेगवेगळ्या कोनांत तिरक्या केलेल्या जाळ्यांत. ते कमी रिझोल्यूशनवर स्कॅन केलं की ठिपके आणि पिक्सेल एकमेकांत अडकतात आणि स्क्रीनवर जाळी नाचायला लागते. वेताळाच्या अंगावर तर ती जास्तच दिसायची. आम्ही हात टेकले होते. वाट दाखवली ती आमच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाइकाने.

हे काका छापखानेवाले. त्यांच्या कॅलेंडरांच्या जाहिराती आम्ही पहिल्यापासून करतो. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, पान उजेडात धरलं आणि म्हणाले, "अरे, काळा पंचेचाळीस अंशांवर, मॅजेंटा पंचाहत्तर, सायन पंधरा, पिवळा शून्य. चार जाळ्या आहेत या, आणि तू त्यावर पाचवी टाकतोयस." त्यांच्या सांगण्यावरून सहाशे डीपीआयला (इंचाला सहाशे ठिपके) स्कॅन केलं, हलका ब्लर दिला, मग आकार कमी केला. जाळी गेली. वेताळाचा जांभळा रंग मुळात लेखकाने ठरवलेलाच नव्हता, ली फॉकच्या मनात करडा होता आणि १९३९ मध्ये रविवारची रंगीत पानं सुरू झाली तेव्हा तो जांभळा छापला गेला, हे आम्ही त्यांना सांगितलं. काका इतके खूश झाले की ते परीक्षणात घ्यायलाच लावलं. "बघ, छापखान्याने हिरोला रंग दिला," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

परीक्षण चाललं, गावोगावहून निरोप आले. आणि मग मुंबईच्या एका कंपनीने आमचा निवेदक जास्त पगारावर नेला. पगाराबद्दल तक्रार नाही. पण महिन्याभरात त्यांचं वेताळ-परीक्षण आलं. तोच क्रम, तोच पासपोर्टचा विनोद, तीच पानं. वकिलांना भेटलो. त्यांनी आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल समजावला. कल्पनेवर कुणाची मालकी नसते, मांडणीवर असते. आमची मांडणीच उचलली होती, पण कोर्टाचा खर्च कुठून आणायचा?

त्यावर कडी म्हणजे त्यांनीच आमच्या व्हिडिओंवर कॉपीराइटची तक्रार केली. अशी तक्रार मान्य होऊन व्हिडिओ काढला गेला की चॅनेलवर एक 'स्ट्राइक' लागतो. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनेल बंद होऊ शकतं. आमच्यावर दोन झाले. दोन जाहिरातदारांनी लगेच हात आखडला. एक लेन्स विकली, भाडं थकलं. रात्री भागीदार आणि मी नुसते स्क्रीनकडे बघत बसायचो. आमचंच काम, आणि चोर आम्ही!

सुटका केली ती रद्दीवाल्याने. रद्दीतून घेतलेल्या आमच्या अंकाच्या एका पानावर, वेताळाच्या घोड्याच्या पायाशी, कुणीतरी बॉलपेनने '३ रु.' असं लिहिलेलं होतं. त्या कंपनीच्या व्हिडिओतही तो आकडा त्याच जागी होता! मूळ अंक, आमचा सहाशे डीपीआयचा स्कॅन, त्याची तारीख आणि त्यांच्या व्हिडिओचा तो क्षण, सगळं जोडून यूट्यूबला प्रतिनोटीस, म्हणजे तक्रारीला लेखी उत्तर, पाठवलं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये परीक्षणासाठी उचित वापराला मुभा आहे, हेही लिहिलं. तक्रारदाराने दहा कामकाजी दिवसांत दावा दाखल केल्याचं दाखवावं लागतं. त्यांनी काहीच दाखवलं नाही. व्हिडिओ परत आले, स्ट्राइक गेले. त्या काळात काकांनी पुढच्या वर्षाच्या कॅलेंडराचा अख्खा आगाऊ पैसा दिला, पावतीही मागितली नाही. आम्ही ती केली, जीएसटीसकट.

त्या कंपनीने कधी माफी मागितली नाही. त्यांच्या परीक्षणाला पुढे प्रायोजक मिळाला, मोठ्या कार्यक्रमात ते दाखवलं गेलं, आणि प्रेक्षकांना वाटलं पासपोर्टचा विनोद त्यांचा. अजूनही कुणी तो आम्हाला "त्यांचा म्हणून" ऐकवतो तेव्हा माझं जेवण गोड लागत नाही. भागीदार म्हणतो, सोड. मी सोडलेलं नाही.

नवीन मुलांनो, निवेदकाशी आणि लेखकाशी करार लेखी करा. स्क्रिप्टवर तारीख टाका, स्वतःलाच ईमेल करून ठेवा. प्रोजेक्ट फाइल पेन ड्राइव्हवर कुणाला देऊ नका, ओळखीचा असला तरी. आणि जुना अंक विकत घेतला तर त्यावरची पेनाची खूण खोडू नका.

सध्या कॉमिकमधल्या जादूगार मँड्रेकवरचं परीक्षण चालू आहे. स्क्रिप्ट भागीदाराचीच, स्कॅनर तोच जुना आहे. निवेदन यावेळी आम्ही स्वतः करतोय.